आक्कांचा उसना राग

आमच्या आक्कांसारखं रागावणारं माणूस मी उभ्या जन्मात दुसरं पाहिलं नाही. गंमत अशी, की तो राग त्यांचा नसायचाच. तो जिल्ह्याच्या साहेबांचा असायचा. आक्का फक्त उसना आणायच्या आणि आमच्यावर खर्च करायच्या!

आक्का म्हणजे वडवणीकडच्या आमच्या आरोग्य केंद्रातल्या सुपरवायझर. त्यांच्या हाताखाली आम्ही गावोगावच्या नर्सबाया. मार्च आला की बीडला वर्षाची आढावा बैठक. भरल्या हॉलमध्ये एकेकीला उभं करायचं, काम किती झालं विचारायचं आणि सगळ्यांदेखत सोलून काढायचं, अशी तिथली रीत. फेब्रुवारी सरत आला की आमच्यात कुणाचं डोकं दुखायचं, कुणाचं पोट बिघडायचं. औषधं आमच्याच कपाटात, पण या दुखण्यावर एकही लागू पडायचं नाही.

लागू पडायची ती आक्कांची तालीम. बैठकीच्या आधी एका दुपारी पेशंट सरले, की आक्का डॉक्टरांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकायच्या, पदर खोचायच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायच्या, की झाल्या साहेब! एरवी 'लई', 'न्हाई' बोलणाऱ्या आक्कांच्या तोंडून एकदम छापील मराठी निघायची. "सिस्टर, शासन आपल्याला पगार कशाबद्दल देतं? खुर्ची ऊबदार ठेवण्याबद्दल?" आम्ही तोंडात पदर कोंबायचो. जिची पाळी, तिला मात्र हसायला बंदी. उत्तर फसलं की "परत!" आणि नीट आलं तरी "परत!"

माझी नात आता पुण्यात कंपनीत आहे. अप्रेजल आलं की तिला घास गिळत नाही. मग म्हणे कंपनी मनावरच्या ताणाबद्दल व्याख्यान ठेवते. मी म्हणते, व्याख्यान कशाला गं, एक आक्का ठेवा!

"रडायचं ते हितं रडून घ्या," आक्का म्हणायच्या. "बीडला जाताना डोळे कोरडे न्यायचे." हे वाक्य खास माझ्यासाठी होतं. मी तेव्हा नवी, कडक इस्त्रीच्या साडीतली, नर्सिंगला पहिली आले म्हणून नाक आभाळाला लावून चालणारी. आणि कुणी जरा आवाज चढवला की हे शहाणं ध्यान नळासारखं वाहू लागायचं. आदल्या वर्षीच्या बैठकीत नाव पुकारल्यावर मी उभी राहिले, "सर" म्हणाले आणि हुंदका देऊन खाली बसले. झालं माझं भाषण! यंदा तर नोकरी कायम होणार की नाही, ते याच बैठकीवर होतं. त्यात माझ्या गावचं लसीकरण सगळ्यात कमी. कमी पडणारच, दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं आणि तान्ही पोरं आयांबरोबर कारखान्याजवळच्या कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत.

तालमीत साहेबांनी, म्हणजे आक्कांनी, तिथंच बोट ठेवलं. "आपल्या गावातली मुलं गेली कुठं, सिस्टर?"

"ऊसतोडीला, सर..." की सुटला नळ.

आक्कांनी शांतपणे चष्मा काढला. "साहेब च्या पितोय. तवर तू रडून घे." आणि खरोखर चहा मागवून पीत बसल्या. कप ठेवून म्हणाल्या, "आता सांग, पोरं कुठल्या कारखान्यावर हायेत, म्हाईत हाय का तुला?"

"म्हाईत हाय की आक्का. घरोघर विचारलंय मी."

"मग हे कावून गिळतीस? आधी केलेलं सांग, मग राहिलेलं सांग, अन् मग काय पायजे ते माग. रडण्याला मार्क न्हाईत. परत!"

बीडच्या हॉलमध्ये खऱ्या साहेबांनी मला उभं केलं आणि मला धक्काच बसला. हे तर आक्कांपुढं अगदीच कच्चे! ना तो आवाज, ना ती ऐट. केलेलं सांगितलं, राहिलेलं सांगितलं, डोळे खडखडीत कोरडे. आता मागायचं, तेवढ्यात साहेबांनी मला हातानंच खाली बसवलं आणि ते आक्कांकडं वळले. "सगळ्या केंद्रांत तुमचं केंद्र मागं. जबाबदार कोण?"

आक्का उठल्या. "मी, सर," म्हणाल्या आणि तशाच खाली बसल्या. केलेलं सांगितलं नाही, राहिलेलं नाही, मागणं तर नाहीच. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्हा सगळ्यांची तालीम झाली होती. आक्कांची कुणी घेतलीच नव्हती!

मग माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. न पुकारता उभी राहिले. "सर, पोरं गावात नाहीत, कोप्यांवर आहेत. गाडी द्या, तिथं जाऊन टोचतो."

साहेब माझ्याकडं वळले. "कधी जाल?"

"उद्या!" मी म्हणाले. कारखान्याचा रस्ता कुणाला ठाऊक होता? पण ऐट बघा!

बाहेर आल्यावर आक्का कडाडल्या, आणि या वेळी राग अस्सल त्यांचा स्वतःचा. "कावून मधी पडलीस गं? तुझं कायम व्हायचं राहिलं असतं म्हंजे?" मग मला अशी काही कवळ घातली, की इस्त्रीचं पार वाटोळं झालं.

दुसऱ्या दिवशी खरंच जीप आली. "अगं, आपल्या गावच्या सिस्टर आल्या!" कुणीतरी आरोळी ठोकली, आणि उसाच्या फडातून बायका कोयते टाकून, पोरं काखेत मारून धावत सुटल्या. लसीचा डबा रिकामा होईपर्यंत आक्का टोचत होत्या आणि मी पोरं धरत होते. एवढ्या रडारडीत मी एकटी हसत होते.

माझी नोकरी कायम झाली. पण जबाबदार म्हणून आक्कांनी स्वतःचं नाव घेतलं होतं. तो शेरा त्यांच्या नावापुढं बसला तो बसलाच. बदली झाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टीकडं. स्टँडवर मी म्हणाले, "आक्का, लई वाईट झालं हो हे."

"गप गं," खिडकीतून आक्का म्हणाल्या. "हितल्या पोरी झाल्या तयार. तिथल्या बिचाऱ्या अजून रडत असत्याल."

बस सुटली. आष्टीच्या त्या न पाहिलेल्या नर्सबायांचा मला असा काही हेवा वाटला, की मी स्टँडवरून तडक ऑफिसात गेले आणि विचारलं, आष्टीकडं एखादी जागा रिकामी आहे का. कायमची ऑर्डर हातात पडून आठवडासुद्धा झाला नव्हता!