पोडीमेणिकेची शीळ

पोडीमेणिके कधी शांत बसली आहे असं तिच्या गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. वय छप्पन्न, पुढचा एक दात तुटका, आणि घशात अख्खं रान. तांबटापासून भारद्वाजापर्यंत ती सगळ्या पाखरांचे हुबेहूब आवाज काढायची. घर जंगलाला अगदी टेकून, पुढे अर्धा एकर चहा. लहानपणापासून तिला पाखरू दिसायच्या आधी ऐकू यायचं. मात्र हे ज्ञान ती मुख्यतः शेजारणींना फसवण्यासाठी वापरायची.

तिचा नवरा पियदास भेरली माडांवर चढून फुलोऱ्याचा रस काढायचा. तो पलीकडच्या टेकाडावर असला की जेवायला बोलावण्यासाठी ती शीळ घालायची. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी तुटक्या दातातून निसटणारी हवा, "फुस्स".

एका आठवड्यात पियदास तीनदा सकाळी साडेनऊलाच घामाघूम होऊन दारात उभा राहिला.

"वाढ."

"अहो, चूल आत्ता पेटवतेय. पोटात काय राक्षस शिरलाय?"

"मग शीळ कशाला घातलीस?"

"मी? मी चहा खुडत होते!"

चौथ्या दिवशी दोघं परसात भांडत असतानाच जंगलातून शीळ आली. दोन आखूड, एक लांब, फुस्स. दोघंही वळली. समोरच्या फांदीवर शेपटी दुभंगलेला काळा कोतवाल बसला होता. त्याने मान वाकडी करून पुन्हा एकदा पियदासला जेवायला बोलावलं.

"दातासकट शिकलाय मेला," मेणिके म्हणाली, आणि हसता हसता खालीच बसली.

याच सुमारास राजधानीतून डॉक्टर अबेकोन आले. पाखरांचे डॉक्टर. दोन आठवडे पाखरांची नोंद करायची होती, म्हणून मेणिकेच्याच बाहेरच्या खोलीत उतरले. पहिल्या सकाळी ती चहा आणि गुळाचा खडा घेऊन गेली आणि उभ्या उभ्या कानावर येईल त्या पाखराचं नाव सांगू लागली. चार नावं झाल्यावर डॉक्टरांनी हात वर केला.

"अक्का, हे शास्त्राचं काम आहे. इथे अंदाज चालत नाही."

मेणिके आत निघून गेली. चहा तेवढा पुढच्या दिवसापासून जरा पातळ झाला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर धावतच जेवायला आले. हातात आवाज टिपायचं यंत्र. "अक्का, ऐका! असा आवाज कुठल्याच यादीत नाही." त्यांनी कळ दाबली. दोन आखूड, एक लांब, फुस्स.

पियदास सवयीने हात धुवायला उठला. मेणिकेने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.

"कुठलं पाखरू असेल हो, महत्तया?" साहेबांना द्यायचा मान देत तिने डोळे मोठे केले.

"नवीनच असावं. लाजाळू, जमिनीलगत राहणारं. शेवटचा तो फुसकारा ऐकलात? गळ्याची रचनाच वेगळी असणार."

"असेल बाई. लाजाळूच असेल."

पुढचे तीन दिवस ती त्यांना वेताच्या जाळ्यांतून हिंडवत राहिली. डॉक्टर पोटावर सरपटले, काट्यांत सदरा फाडून घेतला, आणि प्रत्येक वेळी डोक्यावरच्या कोतवालाकडे पाहून म्हणाले, "हा नको, हा रोजचाच." पियदास म्हणाला, "पुरे गं आता, पाप लागेल." ती म्हणाली, "आणखी एक दिवस."

पण त्या संध्याकाळी डॉक्टर कागद घेऊन बसले. मोठ्या प्राध्यापकांना बोलावणं धाडायचं होतं. "नाव काय द्यावं, अक्का? तुमच्या गावाचं देऊ?" इतक्या प्रेमाने त्यांनी विचारलं, की मेणिकेला मान वर करवेना. थट्टा आता चारचौघांत जाऊन माणसाचं हसं करणार होती.

"पत्र उद्या लिहा," ती म्हणाली. "सकाळी पाखरू दाखवते."

सकाळी तिने त्यांना चहाच्या मळ्यात उभं केलं, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि शीळ घातली. जंगलातून कोतवालाने तीच परत केली. आणि टेकाडावरून पियदास ओरडला, "आलोऽऽ!"

डॉक्टरांनी एकदा कोतवालाकडे पाहिलं, एकदा तिच्या तुटक्या दाताकडे. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दुपारी जेवले नाहीत. मेणिकेने नारळाची रोटी आणि झणझणीत चटणी दाराशी ठेवली, तीही तशीच राहिली. तिला स्वतःलाही घास गेला नाही.

संध्याकाळी दार उघडलं. डॉक्टर पायरीवर तिच्या शेजारी येऊन बसले. 

"आणखी कुणाकुणाची नक्कल करतो तो?" त्यांनी विचारलं.

"रागावलात ना, महत्तया?"

"रागावलोय. सांगा."

"सातभाईंची करतो. त्यांच्या बोलीत हाका मारून सगळ्यांना जमवतो. ते पाला उकरतात, उडालेले किडे हा आयते गिळतो. शिकारी पक्षी दिसला की मात्र आधी हाच ओरडतो, त्या शिकाऱ्याच्याच आवाजात. म्हणून बाकीचे त्याला सोडत नाहीत. चोर आहे, पण राखणदारही."

डॉक्टरांनी वही उघडली. "सावकाश. पहिल्यापासून."

"अंदाजाने सांगते हं," ती म्हणाली. तेव्हा कुठे ते हसले, आणि हसू थांबेना.

पुढच्या वर्षीच्या पाखरांच्या गणतीला तिला रीतसर बोलावणं आलं. ती मळ्यातल्या जुन्या चपलांवरच गेली. आपल्या वाटणीच्या पायवाटेवर डोळे मिटून उभी राहिली आणि एका सकाळी एकतीस जाती सांगितल्या. दुर्बीण लावून बसलेल्या डॉक्टरांना चोवीसच सापडल्या.

"डोळे का मिटता, अक्का? ऐकायला बरं पडतं म्हणून?"

"नाही हो. उघडले की पायावरच्या जळवा दिसतात."

डॉक्टरांनी खाली पाहिलं आणि दुर्बीण टाकून उडीच मारली. मेणिकेने डोळे मिटलेलेच ठेवून बत्तिसावं नाव सांगितलं.