मूळ प्रत उघडणाऱ्या ताई

"मूळ प्रत पाहिलीत का?"

आमच्या ऑफिसात कोणी "हे फ्रेमवर्कमध्ये होत नाही" असं म्हणालं, की ताई चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायच्या. समोरचा आपल्या स्क्रीनकडे वळायचा, कारण मूळ प्रत कोणीच पाहिलेली नसायची.

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. आमचा सांगाडा जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला होता आणि त्याचा सगळा कोड, म्हणजे ताईंची 'मूळ प्रत', कोणालाही उघडून वाचता यायचा. यायचा, पण वाचणार कोण? तो कोड ठेवलेल्या फोल्डरकडे आम्ही देवघरातल्या सोवळ्यासारखं पाहायचो. हात लावायचा नाही, अडलं की इंटरनेटवर दुसऱ्या कोणाचा तोडगा शोधायचा. तुम्ही कॉम्प्युटरवर पोट भरत असाल, तर हे तुम्हाला नवीन नाही.

ताई मूळच्या मुद्रितशोधक. बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात पंधरा वर्षं त्यांनी प्रुफं तपासली होती. त्यांचे वडील तिथेच बाइंडिंग करायचे. धम्मदीक्षेच्या पिढीतला माणूस. मुलीनं पुस्तकं नुसती बांधू नयेत, वाचावीत, एवढा एकच त्यांचा हट्ट. पुढे छापखान्याचं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि मालकानं मुद्रितशोधकांना हात जोडले. ताईंनी संध्याकाळचा कोर्स केला आणि अडतिसाव्या वर्षी आमच्याकडे टेस्टर म्हणून लागल्या. मी त्यांचा टीमलीड, सात वर्षांनी लहान. त्या मला "अहो सर" म्हणायच्या, आणि त्या "अहो"त अशी काही धार असायची की मी खुर्चीत सावरून बसायचो.

त्यांचं वाचणं पाहण्यासारखं होतं. कोड त्या कागदावर छापून घ्यायच्या आणि लाल पेन घेऊन ओळीखाली पट्टी सरकवत जायच्या. पोरं हसायची. एकदा एकानं विचारलं, "ताई, स्क्रीनवर दिसत नाही का?"

"दिसतं. वाचता येत नाही. तुम्हाला येतं का?"

त्या वर्षी आमच्याकडे एका जुन्या ग्रंथालयाचं काम आलं. सगळी पुस्तकं मराठीतून शोधता येतील अशी वेबसाइट हवी होती. आम्ही ती केली आणि दाखवायला गेलो. ग्रंथपाल शांतपणे पाहत होते. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आमच्या कुलकर्ण्यांना आपण थेट महाभारतात पाठवलंत."

पडद्यावर होतं, 'अनुवाद : कुलकर्ण…'

यादीतली लांब ओळ फ्रेमवर्क आपोआप कापायचं आणि पुढे टिंबं द्यायचं. कापताना शेवटची वेलांटी उडाली होती. पुढे कुठे 'स्वातंत्र्य'चा पाय मोडलेला, कुठे मात्रा गायब. ग्रंथालयाच्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "कॉम्प्युटरला मराठी झेपत नसेल तर इंग्रजी अक्षरांत यादी करू. चालतं सगळीकडे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढच्या बैठकीत तसा ठराव होणार होता.

परत येताना रिक्षात ताई ते मोडलेले शब्द वहीत उतरवत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर फ्रेमवर्कच्या कोडची अकरा पानं होती. दुपारी त्या माझ्याकडे आल्या. एका ओळीभोवती लाल गोल होता.

"सर, इथे 'णी' म्हणजे दोन अक्षरं धरलीत. ण वेगळा, वेलांटी वेगळी. यांच्या लेखी ती तोडली तर काही बिघडत नाही. आपण 'णी' एकच म्हणतो, तसं मोजायला शिकवायचं."

मी थक्क झालो, पण बोललो ते भलतंच. "आपल्या कॉपीत दुरुस्त करा आणि ग्रंथालयाला देऊन टाका."

त्यांनी तसं केलं. कुलकर्णी परत कुलकर्णी झाले आणि समितीनं मराठी यादी कायम ठेवली. माझ्यासाठी विषय संपला होता.

"मूळ प्रतीत चूक तशीच आहे," ताई म्हणाल्या. "नवी आवृत्ती आली की पुन्हा छापली जाईल. आणि बाकीची ग्रंथालयं?"

त्यांनी फ्रेमवर्क सांभाळणाऱ्या मंडळींना दुरुस्ती पाठवायचं ठरवलं. ते लोक परदेशात, पत्रव्यवहार इंग्रजीत, आणि ताई शेवटपर्यंत मराठी माध्यमातल्या. पत्र तीनदा लिहिलं. मग मला म्हणाल्या, "कोडला हात लावू नका. 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' तेवढे जागेवर बसवा."

चार दिवसांनी उत्तर आलं. सभ्य होतं. फार थोड्या लोकांना ही अडचण येईल, तेवढ्यासाठी बदल करणं योग्य वाटत नाही, आभार.

मी म्हटलं, "सोडा ताई."

त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. आवाज चढला नाही, फक्त लाल पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि काढलं. "थोडे लोक? मोजले का यांनी?"

मग वही घेऊन त्या उठल्या आणि टेबलाटेबलाशी जाऊ लागल्या. चेन्नईचा एक होता, कोलकात्याचे दोघे, एक मलयाळी मुलगी, गुजराती, तेलुगू, कानडी. प्रत्येकाला एकच विनंती: "तुमच्या आईचं नाव तुमच्या लिपीत लिहून द्या." कोणी लाजत लिहिलं, कोणाला आपल्याच लिपीतलं जोडाक्षर आठवेना म्हणून घरी फोन लावला. मीही माझ्या आईचं लिहिलं. एकोणीस नावं जमली. पहिलं नाव त्यांच्या स्वतःच्या आईचं, भागीरथी. फ्रेमवर्कनं कापलं की त्याचं 'भागीरथ' व्हायचं.

ही नावं त्यांनी चाचण्या म्हणून कोडला जोडली. म्हणजे पुढे जगात कोणीही त्या भागात बदल केला, की आधी ही नावं धड राहतात का ते आपोआप तपासलं जाईल. सोबतच्या पत्रात एकच वाक्य होतं, ते मी दुरुस्त केलं नाही: या आमच्या आया आहेत, आणि तुमचा कोड त्यांची नावं मोडतो.

तीन आठवडे काही नाही. मग एका सकाळी ताईंनी मला हाक मारली. पुन्हा "अहो सर"च, पण धार नव्हती. दुरुस्ती स्वीकारली होती. फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव, आडनावासकट. पहिल्यांदा नकार देणाऱ्या माणसानंच कळवलं होतं की चूक त्याची होती. आम्ही सगळे त्यांच्या टेबलाभोवती गोळा झालो. पट्टीवरून हसणारी पोरं सगळ्यांत पुढे होती.

दोनेक वर्षांनी ताईंनी आमची कंपनी सोडली. आता त्या फ्रेमवर्कच्याच कामात असतात, वारज्यातल्या घरी बसून. आमच्या ऑफिसात कोणाला मूळ प्रतीची आठवण करून देणारं उरलं नाही. पण फोल्डर मात्र आता सगळेच उघडतात. मला आठवते ती दुरुस्ती स्वीकारल्यानंतरच्या पहिल्या शनिवारची दुपार, ताई आईला ऑफिसात घेऊन आल्या होत्या ती.

भागीरथीबाई नऊवारीत, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेल्या. पन्नाशीनंतर लेकीकडून वाचायला शिकल्या होत्या. ताईंनी स्क्रीनवर ती फाइल उघडली. बाईंनी बोट लावून वाचलं, "भा… गी… र… थी." मग पुन्हा एकदा, सलग.

"हितं काय करतंय माझं नाव?"

"राखण करतंय, आई. कोणी अक्षर मोडलं तर लगेच कळतं."

बाई हसल्या नाहीत. बोट खाली सरकवत त्यांनी बाकीची नावं पाहिली, वाचता न येणाऱ्या लिपीतलीसुद्धा, एकेक करून. मग माझ्याकडे वळल्या.

"या बी कुणाच्या आयाच हायेत का?"

"हो."

"मग त्यांना सांगितलं का तुमी?"

ताई सोडून आमच्यापैकी कोणीच आपल्या आईला सांगितलं नव्हतं.

मी उठून बाहेर जिन्यापाशी गेलो आणि कोल्हापूरला आईला फोन लावला. कोड, चाचणी, फ्रेमवर्क, काय काय सांगितलं. तिला त्यातलं फारसं कळलं नसावं. तिनं एवढंच विचारलं, "कुणी केलं रे हे?"

"आमच्या ऑफिसातल्या ताईंनी," मी म्हणालो, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणालो की खालच्या मजल्यावरचा वॉचमन मान वर करून पाहू लागला.