हरायचं ठरलेला डाव

आमच्या कुसुमचं लग्न मी बिलियर्डचा एक डाव जिंकून जवळजवळ मोडलं होतं.

जिंकल्यावर लग्न कसं मोडतं, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर त्या संध्याकाळी अण्णांनी मला दिलं होतं; तेव्हा त्यांच्या हातात छत्री होती.

तेव्हा आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात शिरस्तेदार. मी त्याच कोर्टात नवा वकील. अण्णांकडे काम होतं आणि माझ्याकडे काळा कोट होता. अशील फिरकत नसल्यामुळे दुपारी तीननंतर मी मोकळा असे. (खरं तर सकाळी अकरापासूनच मोकळा असे, पण तीनपर्यंत बार रूममध्ये बसून दाखवावं लागे!) मग आमच्या सीनियर वकीलसाहेबांच्या शिफारशीने प्रवेश मिळालेल्या क्लबात मी जाई. तिथे बिलियर्डचं एक भलंमोठं टेबल होतं, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

त्या टेबलावर चार खेळ चालत. तीन चेंडूंचं बिलियर्ड, पंधरा लाल चेंडू फोडायचं पिरॅमिड, प्रत्येकाला तीन-तीन जीव देऊन एकमेकांचे जीव घ्यायचा पूल, आणि नुकतंच आलेलं बावीस चेंडूंचं स्नूकर नावाचं फॅड. बाकीचे मेंबर एकेक खेळ धरून बसलेले. मी चारही खेळत असे. सोमवारी हा, मंगळवारी तो. ज्यात हरलो तो सोडून दुसरा धरायचा, त्यात हरलो की तिसरा. असं करता करता आठवडा छान जाई.

क्लबचे मार्कर हुसेनभाई गुण मोजता मोजता म्हातारे झालेले. ते मला पोटतिडकीने सांगत, "साब, एकच खेल पकडो जी! चार घोड्यां पो एक-एक पाँव रखे तो घोडे कायकू चलते?"

"हुसेनभाई, चार खेळांनी हात तयार होतो!"

"हात होता जी, पन सर का क्या?" हुसेनभाई विचारत. म्हणजे डोक्याचं काय! हा प्रश्न मी तेव्हा मनावर घेतला असता तर बरं झालं असतं.

घरीही माझं तेच होतं. हार्मोनियम झालं, फोटोग्राफी झाली, मैंदर्गीच्या एका पक्षकाराच्या आशेने कानडी झालं (पक्षकार आला नाही, कानडीही आलं नाही). होमिओपॅथीच्या दिवसांत कुसुमच्या सर्दीवर मी सहा औषधं दिली. सातव्या दिवशी सर्दी कंटाळून आपणहून गेली. अण्णा रोज सकाळी पूजा आटोपली की माझ्याकडे बघून एकच वाक्य म्हणत, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" आम्हाला लहानपणी ते आरतीतलंच कडवं वाटायचं.

अशात कुसुमला स्थळ आलं. मुलगा शेतकी खात्यात, देखणा, शांत. वडील मैंदर्गीचे निवृत्त मामलेदार, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत; मुलगी बघायला ते सहकुटुंब सोलापुरात मुक्कामाला आले होते. त्याआधी दोन स्थळांना आमच्या कुसुमने स्वतः नाक मुरडलं होतं. पण या वेळी पोह्यांचं ताट देऊन ती आत आली ती कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन.

"काय गं, कसा आहे?" आईने विचारलं.

"चालेल की," कुसुम म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "दादा, तुझ्या पाया पडते. तू काही करू नकोस हं."

मी काही केलंच नव्हतं हो! केलं आईने. पोहे झाले, शेंगाची चटणी झाली, पत्रिका जुळल्याचं बोलणं झालं, आणि सगळं कसं गोडीगुलाबीत चाललेलं असताना आई कौतुकाने म्हणाली, "आमचा वसंता क्लबात बिलियर्ड खेळतो हं. चारी प्रकार येतात त्याला!"

रावसाहेबांचा पोह्यांचा घास हवेत थांबला.

"चारी?" ते म्हणाले. "मी एकच खेळतो. बिलियर्ड. बावीस वर्षं झाली."

"अगदी तेच मी याला सांगतो!" अण्णांनी मध्ये घुसून म्हटलं. पण उशीर झाला होता.

"वसंतराव, उद्या चार वाजता क्लबात एक डाव होऊ द्या. आमचा निरोप त्यानंतर देतो. माणूस पंगतीत कळत नाही, टेबलावर कळतो."

ते गेल्यावर घरात खलबत बसलं. अण्णांनी सरकारी कागद वाचावा तशा आवाजात हुकूम दिला, "हरायचं!"

"हरेन की! त्यात काय?" मी म्हणालो. एवढ्या आत्मविश्वासाने मी आयुष्यात दुसरं काही बोललेलो नाही.

"तसं नव्हे, गाढवा. अगदीच हरलास तर ते म्हणतील, पोरगं दिवसभर क्लबात असतं आणि एवढंसुद्धा येत नाही. शंभराचा डाव ना? नव्वदीच्या जवळ जाऊन हरायचं. बेतानं. त्यांना वाटलं पाहिजे की आपण चांगल्या खेळाडूला हरवलं."

"आणि पुन्हा पाया पडते," दाराआडून कुसुम म्हणाली. मला एकदम वाईट वाटलं. या पोरीने माझी सहा औषधं मुकाट्याने खाल्ली होती. तिच्यासाठी एक डाव हरायला काय हरकत!

दुसऱ्या दिवशी रावसाहेब स्वतःची बिलियर्डची काठी घेऊन आले. ती काठी खणाच्या कापडाच्या पिशवीत होती, पिशवीला नाडी होती आणि नाडीला गोंडा होता. त्यांनी ती अशी बाहेर काढली की मी जवळजवळ नमस्कारच केला. अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीत छत्री उभी धरून बसले. हुसेनभाई गुणांच्या फळीपाशी उभे राहिले.

रावसाहेब खेळायचे मात्र सुरेख! एकच खेळ बावीस वर्षं खेळलेल्या माणसाचा हात. चेंडू जणू त्यांच्या घरचे होते, बोलावलं की येत. मीही बेतानं चाललो होतो. कधी नव्हे ते सगळं ठरल्याबरहुकूम होऊन गुण झाले रावसाहेबांचे ब्याण्णव आणि माझे चौऱ्याऐंशी. अण्णांनी कोपऱ्यातून हळूच मान हलवली. म्हणजे, बास. आता हर.

मी विचार केला, उगाच चुकवल्यासारखं दिसायला नको. लाल चेंडूला छान मारावं आणि आपला पांढरा चेंडू टेबलाच्या खिशात घालवावा. मोठी चूक! सभ्य चूक! मी मारलं. लाल चेंडूला लागून माझा चेंडू डौलात कोपऱ्यातल्या खिशात गेला. मी चेहरा पाडला, "अरेरे!" म्हणालो आणि काठी टेकवून बाजूला झालो.

"तीन!" हुसेनभाई ओरडले. "सत्त्याऐंशी! खेलो साब!"

मी टेकवलेली काठी पुन्हा उचलली. अहो, आपला चेंडू खिशात घालवणं हा स्नूकरमध्ये गुन्हा! पिरॅमिडमध्ये गुन्हा! पूलमध्ये तर एक जीवच जातो! पण बिलियर्डमध्ये, आणि फक्त बिलियर्डमध्ये, लाल चेंडूला मारून आपला चेंडू खिशात गेला तर तीन गुण मिळतात आणि पाळीही आपलीच राहते. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं! पण त्याआधी मी शेवटचं खेळलो होतो ते स्नूकर, आणि डोक्यात चारही खेळांची मिसळ झाली होती.

"सुंदर," रावसाहेब म्हणाले. ओठांनी म्हणाले, डोळ्यांनी नाही.

ठीक आहे, मी स्वतःला सांगितलं. आता चेंडूंकडे मारायचंच नाही. जिकडे कुणी नाही अशा कोपऱ्याकडे मी दणकून मारलं. चेंडू टेबलाच्या कडेच्या गादीवर आपटला, परत फिरला, दुसऱ्या गादीवर आपटला, आणि रावसाहेबांच्या पांढऱ्या चेंडूला टपली मारून लाल चेंडूवर गेला. लाल चेंडू गुपचूप मधल्या खिशात उतरला.

"दोनों को लगा, दो! लाल गया, तीन! पाँच! ब्याण्णव! बराबरी!" हुसेनभाईंना आता चेव आला होता. एवढ्या दिवसांत त्यांनी मला असं खेळताना पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं!

अण्णांना खोकला आला. तो खोकला मला कळला. आणखी एक गुण केलास तर घरी येऊ नकोस, असा तो खोकला होता.

आता मी नीट विचार केला. (इथेच चुकलं!) माझा अनुभव असा की नेम धरून, मनापासून मारलं की माझा फटका हमखास चुकतो. तेव्हा सरळ जिंकायच्या इराद्याने मारावं, म्हणजे देवाच्या कृपेने वाया जाईल. मी वाकलो. खडू लावला. एक डोळा मिटला. मारलं.

माझा चेंडू लाल चेंडूला लागला. लाल चेंडू खिशात गेला. माझा चेंडू पुढे जाऊन रावसाहेबांच्या चेंडूला लागला. तिथून निघाला, खिशाच्या तोंडाशी जरा थांबला, आत डोकावला आणि पडला. एकाच फटक्यात जे जे होऊ शकतं त्यातलं बहुतेक सगळं झालं!

"दो, और तीन, और तीन! आठ!" हुसेनभाईंचा आवाज फाटला. "शंभर! साब, शंभर!!"

रावसाहेबांनी काठी पिशवीत घातली. नाडी बांधली. गोंडा सारखा केला.

"कळवतो," ते म्हणाले आणि गेले.

मुलीच्या बापाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. क्लबपासून शुक्रवार पेठेपर्यंत अण्णा माझ्याशी फक्त छत्रीच्या टोकाने बोलले. घरी आई कपाळाला हात लावून बसली. कुसुम मात्र परकराच्या घड्या घालत बसली. घातलेल्या मोडून पुन्हा घालत बसली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा आठचा भोंगा होतोय न होतोय तोच रावसाहेब दारात! डोळे तांबारलेले, पागोटं जरा वाकडं, आणि काखेत ती खणाची पिशवी.

"बसा," अण्णा कसंबसं म्हणाले.

"बसत नाही. वसंतराव, तो शेवटचा फटका मला शिकवा. लग्नाचं मग बोलू."

खरं सांगतो, क्षणभर मला मोह झाला. वाटलं, हो म्हणावं, गुरू व्हावं, गंभीर चेहरा करून काहीतरी दाखवावं. पण दाराच्या फटीतून कुसुमचे डोळे दिसत होते, रडून सुजलेले. आणि शिकवणार काय, कपाळ?

"रावसाहेब, मला तो येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी हरायला खेळत होतो. तुम्ही जिंकावं, म्हणजे कुसुमचं जमावं, म्हणून."

"कुणी सांगितलं हरायला?"

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं.

रावसाहेब एकेक शब्द मोजत बोलू लागले. "तो शेवटचा फटका..."

"चुकला."

"त्याच्या आधीचा?"

"तोही चुकला."

"आणि पहिला? तीन गुणांचा?"

"तो बरोबर लागला. पण खेळ चुकला. मला वाटलं, मी स्नूकर खेळतोय."

रावसाहेब मटकन खाली बसले. त्यांचे खांदे हलू लागले. आईला वाटलं ते रडतायत. तिने पाणी आणायला सांगितलं. पण ते हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"अय्यो देवा!" ते म्हणाले. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो माझ्या! मी म्हटलं, बावीस वर्षं एकच खेळ धरून बसलो, आणि चार खेळ चाखणारं हे पोरगं उभ्या उभ्या मला हरवून गेलं. मग मी इतकी वर्षं केलं काय? बायकोला म्हणालो, ही काठी देऊन टाक कुणालातरी, वाळवणावरचे कावळे हाकायला." मग एकदम सावध होऊन त्यांनी विचारलं, "नक्की चुकला ना? मला बरं वाटावं म्हणून सांगत नाही ना?"

"आईशप्पथ!" मी म्हणालो. आणि अण्णा, जन्मात पहिल्यांदा माझ्या बाजूने साक्ष द्यायला उभे राहिले, "रावसाहेब, मी बाप आहे याचा. याला ठरवून काहीही जमत नाही!"

तरी माणूस मामलेदारीतला, पुराव्याशिवाय हलेना. त्याच दिवशी चार वाजता पुन्हा क्लबात गेलो. अट एकच, मी जीव तोडून जिंकायला खेळायचं. अण्णा म्हणाले, "खेळ बिनधास्त. आता काही भीती नाही."

मी जीव तोडून खेळलो. रावसाहेबांचे शंभर झाले तेव्हा माझे अकरा होते. हुसेनभाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, "हां! ये हैं हमारे साब! कल मैं डर गया था जी!"

रावसाहेबांनी तिथेच, टेबलापाशी, अण्णांना मिठी मारली. "मुलगी पसंत आहे. पहिल्या दिवसापासून पसंत होती." घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आईने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग माझ्या हातावर. आणि कुसुम! ती हसत होती, रडत होती आणि मला पाठीत गुद्दे घालत होती, तिन्ही एकदम. माझ्या छातीवरचा धोंडा तेव्हा कुठे उतरला. इतकं हलकं मला वकिलीची सनद मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

लग्नानंतर रावसाहेबांनी मला एकच खेळ धरायला लावला. कित्येक वर्षं शिकवलं. आज मला कुणी विचारलं की तुमचं प्रावीण्य कशात, तर मी बेधडक सांगतो, हरण्यात. चारही खेळांत सारखंच! फक्त एक विनंती असते. मुद्दाम हरायला तेवढं सांगू नका, ते मला अजून जमत नाही.