फुंकून घेतलेली सायकल

नौबादला कपडे शिवायचं एक दुकान आहे. तिथं खिडकीजवळच्या मशीनवर ज्ञानोबा बसतो. वर्षभर तो पँटी आणि सफारी शिवतो, आणि लग्नसराई लागली की गळ्यापर्यंत बटणं लावलेला लाल कोट चढवून बुद्धरत्नच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. भालकीपासून हुमनाबादपर्यंत कुणाची वरात गाजली म्हणतात, तेव्हा त्या गाजण्यात ज्ञानोबाच्या फुंकीचा वाटा असतोच.

पूर्वी त्याची मशीन पायानं चालायची. मग मालकानं मोटर बसवून दिली. काम झपाट्यानं उरकायला लागलं आणि ज्ञानोबाचे पाय रिकामे झाले. मैलूरच्या घरातून निघायचं, कोपऱ्यावर ऑटोत बसायचं, नौबादला उतरून खुर्चीत बसायचं, संध्याकाळी तेच उलट. पन्नाशी ओलांडता ओलांडता पोट पुढं आलं. लाल कोटाची शिवण तो दरसाल आपणच उसवून थोडी सैल करून घ्यायचा. राजूबाईला, त्याच्या बायकोला, हे दिसत होतं. पण कोट नवऱ्याचा आणि सुई पण नवऱ्याची, म्हणून ती गप्प होती.

चैत्रात भालकीला एक वरात होती. नवरदेवाचे मामा-मावश्या रंगात आले होते. गाणं अशा जागी आलं की तिथं क्लॅरोनेटनं एकटीनं वर चढायचं, वरच थांबायचं आणि मग सगळ्या बँडला घेऊन खाली यायचं. ज्ञानोबा चढला. आणि अर्ध्यात त्याचा श्वास संपला. सूर फाटला, पुढं नुसती हवाच आली. बाजूला उभ्या बुद्धरत्ननं डोळ्याचं पातं लवायच्या आत ट्रम्पेट तोंडाला लावून ती जागा भरून काढली. नाचणाऱ्यांना पत्ताही लागला नाही.

टेंपोच्या मागं चहा पिताना बुद्धरत्न म्हणाला, "ज्ञानबा, बरं न्हाई का तुला?"

"दम पुरंना झालाय रे."

"मग या मोसमाला झांजा घे की. फुंकायचं काम न्हाई. तुझ्या पैशात मी काई कमी करणार न्हाई."

बुद्धरत्न मनापासून बोलत होता. दोघांनी एकाच उस्तादाजवळ बसून वाजवायला शिकलेलं, त्यामुळं त्याच्या बोलण्यात डंख नव्हता. तरी ज्ञानोबानं उरलेला चहा मातीत ओतला. झांजा वाईट नव्हेत. पण पोरसवदा वयापासून ज्या काळ्या नळीतून तो बोलत आला, ती भिंतीवर टांगून ठेवायला त्याचं मन तयार होईना.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, बीपी बघितलं. छाती ठीक होती. "शरीर हलवा," ते म्हणाले, "रोज हलवा. बाकी काही औषध द्यावं असं मला दिसत नाही."

ज्ञानोबा पहाटे फिरायला जाऊ लागला. चार दिवस गेला. मग कधी शिलाईची घाई आली, कधी डोळाच उघडला नाही, कधी गल्लीतल्या कुत्र्यांनी माघारी धाडलं. शेवटी त्यानं नवे बूट खाटेखाली सारले. ते बघून राजूबाईनं भाकरी थापता थापता तोंड उघडलं.

"फिराया जायला येगळा येळ लागतो, आन त्यो तुमच्यापाशी न्हाई. कामाला तर रोज जातावच की. मग आटोत बसून कामून जायलाव?"

"चालत जाऊ का नौबादला? पोचंस्तोवर मालक दुकान बंद करंल."

"चालत कोण म्हनायलंय? सायकलवर जावा."

ज्ञानोबा हसला. पण ते हसणं लवकर विरलं, कारण बाईनं सांगितलेलं बरोबर होतं. लहानपणी तो सायकल चालवायचा, नळीखालून पाय घालून, कैंची मारत. ती आठवण आल्याबरोबर त्याला त्या जेवणात दोन भाकरी जास्त गेल्या.

पहिल्यांदा तो रस्त्यावरच्या एका चकाचक दुकानात गेला. काचेआड पोपटी रंगाची, ट्रॅक्टरसारख्या जाड टायरांची एक सायकल उभी होती. पुढं शॉकअप, मागं शॉकअप, गिअर इतके की मोजायलाच एक सुट्टी काढावी लागावी. विकणारा म्हणाला, "अंकल, हीच घ्या, डोंगर चढते." ज्ञानोबाला ती आवडली, खोटं कशाला बोला. त्यानं एक चक्कर मारली. टायर रस्त्याला चिकटून चालल्यासारखे वाटले आणि हँडलवर वाकलं की पोट मांडीला लागायचं. उतरल्यावर किंमत ऐकली. दोन-चार वरातींच्या सुपाऱ्या एकदम गिळून टाकणारी होती ती. "बायकोला विचारून येतो," म्हणून तो बाहेर पडला.

मग कुणीतरी वीरण्णाचं नाव सांगितलं. वीरण्णाचं दुकान जुन्या गावात, अरुंद आणि खोल. भिंतीवर बसवण्णांची तसबीर, तिच्याखाली टायर टांगलेले. वीरण्णा सत्तरीकडं झुकलेला, कपाळावर विभूतीची पट्टी, बोटांना ग्रीस.

"बर्री, बर्री, या," तो कानडी-मराठी एकत्र करून म्हणाला. "कुणासाठी पाहिजे?"

"माझ्यासाठीच, अण्णा. मैलूरवरनं नौबादला जायचं रोज. आन जरा दम वाढवायचाय."

"दम कशाला? कुस्ती खेळायची हाय का?"

ज्ञानोबानं सगळं सांगितलं. भालकीची वरात, फाटलेला सूर, झांजा. वीरण्णानं हातातला पाना खाली ठेवला.

"मला तुमच्या वाजवण्यातलं काई कळत न्हाई," तो म्हणाला. "कुठल्या सायकलवर बसल्यावर तुमचा श्वास मोकळा राहतो, ते मी कसं सांगू? तुमचं तुम्हालाच कळंल. वाजवायचं आणा की संगं."

ज्ञानोबाला आधी वाटलं म्हातारा चेष्टा करायलाय. पण वीरण्णाचा चेहरा सरळ होता. शुक्रवारी दुपारी ज्ञानोबा क्लॅरोनेटची पेटी काखेत मारून दुकानात हजर झाला.

वीरण्णानं तीन सायकली बाहेर काढल्या होत्या. एक खाली वाकलेल्या हँडलची, वजनाला कापसासारखी. एक जुन्या घडणीची, काळी, दूधवाले नेतात तसली, दणकट. आणि एक करड्या रंगाची, नळी जरा उतरती, हँडल सरळ आणि उंच, मडगार्ड आणि मागं कॅरिअर असलेली. हिला गिअर नव्हते, शॉकअप नव्हते, बघणाऱ्याची नजर तिच्यावरून सहज पुढं घसरावी अशी होती ती.

ठरलं असं, की मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, वळून यायचं, उतरल्या उतरल्या क्लॅरोनेट तोंडाला लावायची.

वाकलेल्या हँडलची वाऱ्यासारखी पळाली. पण ज्ञानोबा उतरला तेव्हा त्याची पाठ धनुष्यासारखी आणि छाती आखडलेली. त्यानं फुंकर घातली, आणि आतून असा काही आवाज निघाला की पलीकडच्या किराणा दुकानातली बाई तराजू सोडून बाहेर आली.

"ही नको," वीरण्णा शांतपणे म्हणाला.

काळी दणकट होती पण जड. चक्कर पुरी होईस्तोवर ज्ञानोबाच्या कपाळावरून धारा लागल्या. सूर निघाला, थोडा थरथरून मेला. आता बघ्यांची गर्दी जमायला लागली होती. फळांचा गाडा उभा राहिला. दोन ऑटोवाले उतरून खाली आले. शाळेतून परतणाऱ्या पोरी कट्ट्यावर बसल्या. कुणी कन्नडमध्ये, कुणी दखनीत, कुणी मराठीत एकमेकांना विचारत होतं की सायकल विकायलेत का बँड.

करडीवर बसण्याआधी वीरण्णानं सीट दोन बोटं वर केली. "टाच पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पायजे. गुडघा वाकला तर ताकद वाया जाती." ज्ञानोबा बसला. पाठ ताठ राहिली, खांदे सैल पडले. पायडल मारल्यावर सायकल कुरकुरली नाही की तिनं उड्या मारल्या नाहीत. कोपऱ्यावर वळताना त्याच्या लक्षात आलं की आपण गुणगुणायलोत.

उतरला, क्लॅरोनेटच्या तोंडाची पत्ती जिभेनं ओली केली, आणि वाजवलं. सगळंच काही जमलं नाही. दम अजून तोकडाच होता. पण जो सूर निघाला तो गोल आणि स्वच्छ निघाला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. फळवाल्यानं "वाह मियाँ!" म्हणून एक पेरू फेकला. वीरण्णानं तो झेलला आणि ज्ञानोबाच्या हातात दिला.

"हीच तुमची," तो म्हणाला. "स्वस्त हाय म्हणून देत न्हाई. पण स्वस्त हाय, हे बी खरं."

पैसे एका सुपारीत भागले. वर थोडे उरले, त्यात कुलूप आणि पंप आला.

आता पुढचे दिवस काही गोड नव्हते. मांड्या दगडासारख्या झाल्या. वाटेवरच्या चढाला तो उतरून सायकल ढकलायचा, आणि ओळखीचे ऑटोवाले हॉर्न वाजवत ओरडायचे, "ज्ञानूअण्णा, सायकल वर टाका, तुम्ही आत बसा!" तोही हसून हात करायचा. पावसाळ्यात दोनदा चिखलात आडवा झाला. पण ऑटोची सवय सुटली ती सुटलीच, कारण सकाळी कामाला तर जायचंच होतं, त्याला वेगळं उठावं लागत नव्हतं. गणपती बसले त्या सुमाराला एके दिवशी चढ संपला आणि तो अजून सीटवरच होता. रस्त्याच्या कडेला थांबून त्यानं मागं वळून तो चढ नीट बघून घेतला. मग मालकाच्या दुकानात जाऊन दिवसभर शीळ घालत पँटी शिवल्या.

घरी तो रोज संध्याकाळी थोडं वाजवायला लागला. पूर्वी राजूबाई म्हणायची, "जरा बारीक वाजवा." आता ती म्हणत नव्हती. दिवाळीनंतर त्यानं लाल कोटाला हात घातला तेव्हा कोट आत घ्यावा लागला. राजूबाईनं सुईत दोरा ओवून दिला, आणि ह्या खेपेला मात्र ती पोट धरून हसली.

तुळशीचं लग्न झालं आणि सुपाऱ्या सुरू झाल्या. बुद्धरत्ननं झांजेचा विषय काढला नाही, ज्ञानोबानंही काढला नाही. पहिली मोठी वरात भालकीकडच्या मेहकर गावातली. हल्ली बुद्धरत्नच्या बँडला एक गाडा असतो, त्यावर कीबोर्ड, मोठे भोंगे आणि मागं जनरेटर. वरात गावात शिरली, दिवेलागण झाली, माणसं नाचायला लागली, आणि चौकात जनरेटर दोन आचके देऊन बंद पडला. कीबोर्ड गप्प, भोंगे गप्प. नवरदेव घोड्यावर, सगळं गाव रस्त्यात, आणि मारुतीचं देऊळ अजून बरंच लांब.

बुद्धरत्ननं ज्ञानोबाकडं बघितलं. "जमंल?"

"तू ढोलवाल्याला सांग, हळू सुरू कर म्हणावं."

ढोल हळू सुरू झाला आणि ज्ञानोबानं क्लॅरोनेट उचलली. भोंग्यांच्या गोंगाटात जे कधी नीट ऐकू यायचं नाही ते आता उघड्यावर आलं. नाचणारे आधी थबकले, मग सावरले, मग दुप्पट जोरानं नाचले. म्हाताऱ्या बायका ओट्यावरून उठून उंबऱ्यात आल्या. तीच वर चढायची जागा आली. ज्ञानोबा चढला, वर थांबला, अजून थांबला. बुद्धरत्न ट्रम्पेट हातात धरून नुसता बघत राहिला, त्याला फुंकायचं भान राहिलं नाही. मग ज्ञानोबा सगळ्यांना घेऊन खाली आला तेव्हा नवरदेवानं घोड्यावरूनच दोन्ही हात वर केले. देवळापर्यंत जनरेटर चालू झाला नाही, आणि कुणी तो चालू करा असं म्हटलंही नाही.

"झांजा कुणाला देऊ मग?" टेंपोत बसताना बुद्धरत्ननं विचारलं.

"तूच घे," ज्ञानोबा म्हणाला, आणि टेंपो हसण्यानं हलला.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी राजूबाईच्या भावानं, राघोबानं, दोघांना हुरड्याला बोलावलं. शेत नौबादच्या पलीकडं, सडकेपासून आत. ज्ञानोबानं क्लॅरोनेटची पेटी हँडलला अडकवली. राजूबाई नवी साडी नेसली, कॅरिअरवर तिनं घडी घातलेलं पोतं टाकलं आणि ती एका अंगानं बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती नवऱ्याच्या मागं सायकलवर पहिल्यांदाच बसत होती. बांधावरून जाताना ती त्याच्या सदऱ्याला घट्ट धरून "खड्डा! खड्डा!" ओरडत होती, आणि खड्डा चुकला तरी ओरडायचं थांबवत नव्हती.

आगटीतून गरम कणसं निघाली. राघोबानं तळहातावर चोळून हिरवा हुरडा दिला, सोबत शेंगांची चटणी, दही. दुसरं कणीस चोळता चोळता तो म्हणाला, "दाजी, मेहकरचं लई ऐकलंय. जरा वाजवा की."

ज्ञानोबानं फुगलेल्या गालांनीच मान हलवली आणि बायकोकडं बोट केलं. तिनंच उत्तर दिलं, "थांब रं. तोंड भरलंय त्यांचं. आधी खाऊ दे."