आर्णीच्या मिस्त्रीचा बुधवार

कापसानं घराघराची झोप उडवली होती, त्या वर्षांत मी आर्णीच्या आसपासच्या गावांत समुपदेशन करत फिरायचे. श्वासाचे व्यायाम, विचारांची वही, रोजचं एक छोटं काम, अशा बऱ्याच पद्धती शिकून आले होते. कुणाला कोणती लावायची, यातच माझा जीव मेटाकुटीला यायचा.

एका बुधवारी स्कूटी खोकायला लागली, म्हणून स्टँडजवळच्या मिस्त्रीकडे गेले. नाव विचारलं नाही. सगळे चाचाच म्हणत. पांढऱ्या दाढीत ग्रीसची बोटं उमटलेली. त्यांनी प्लगवर फुंकर मारली आणि म्हणाले, "फुडच्या बुधवारी अजून दाखवजा."

मग दर बुधवारी तेच. चाचा गिऱ्हाइकाचं तोंड बघून इलाज ठरवायचे. बडबड्याच्या हातात पाना द्यायचे, घुम्याला सासरवाडीचं विचारायचे, रडक्याला आधी चहा पाजून मग झापायचे.

मी वैतागून म्हटलं, "चाचा, काहीतरी एक पद्धत धरा ना!"

"मॅडम, नट पाहून पाना घेतो मी. पाना पाहून नट नाही धुंडत."

आणि मी? लोकांना शांतपणे ऐकून घेणारी मी तिथं तासभर एकटीच बोलायचे. चाचा मान हलवत स्कूटीखाली पाना फिरवत राहायचे.

बदली झाली, तेव्हा शेवटी विचारलं, "चाचा, या गाडीत एवढं बिघडलं होतं तरी काय?"

"गाडी त पहिल्याच बुधवारी सुधरलती."

"मग दर बुधवारी कशाला बोलावलं?"

"तुमाले बोलावलं, मॅडम. गाडीले नाही."