सातबाऱ्यावरची आत्या

देवबागच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या आणि त्यासाठी कर्ज काढायचं, हे स्वप्न बायकोचं. कागद गोळा करायची कटकट माझी. सरकारी योजनेत व्याजाचा काही भाग परत मिळणार होता. मुंबईची नोकरी सुटल्यावर मी गावी आलो होतो. कर्ज मिळालं नाही तर परत जाऊन कुणाच्या तरी गेटवर वॉचमन म्हणून बसावं लागलं असतं, आणि त्या विचारानेच माझी झोप उडाली होती.

बँकेने सातबारा मागितला. वडील गेल्यावर त्यांच्या जागी माझं नाव लागलं होतं, आणि खाली एका बाईचं. साहेब म्हणाले, "यांचं संमतीपत्र लागेल."

आजोबांची एक मुलगी लहानपणीच गेली, एवढं मी ऐकून होतो. ही तीच असणार. मी ठोकून दिलं, "त्या वारल्या."

"मग मृत्यूचा दाखला आणा."

आठ दिवस ग्रामपंचायतीत चकरा मारल्या. जुनी रजिस्टरं चाळून ग्रामसेवक वैतागले आणि मी उलट त्यांच्यावरच डाफरलो. शेवटी शेजारच्या म्हातारीला विचारलं. ती अंगणात मासे साफ करत होती. नाव ऐकताच तिने कोयती खाली ठेवली.

"अरे, ती खंय मेली? ती तुजी आते मगे! लग्नाआदलां नाव तां."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. जन्मापासून मी तिला आत्याच म्हणत आलो; माहेरचं नाव काय, हे विचारायची कधी वेळच आली नव्हती. ती तिकडे वैभववाडीला ठणठणीत होती, आणि मी इथे तिच्या मृत्यूचा दाखला शोधत होतो!

दुसऱ्या दिवशी वैभववाडी गाठली. चार वर्षं मी तिच्या घरी फिरकलो नव्हतो. तिने हिस्सा मागितला असता, तरी मला काही बोलायला तोंड नव्हतं. सगळं सांगून टाकलं, दाखल्याचंसुद्धा. ती ठसका लागेपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "सही होयी म्हणान आतेची आठवण इली तुका?"



तरी ती आली. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. साक्षीला शेजारची म्हातारी होतीच. बँकेत साहेबांनी विचारलं, "आजी, पूर्वीचं नाव लिहिता येईल ना?"

"नाव बदलल्यानी, माका न्हय," आत्या म्हणाली आणि तिने एकेक अक्षर सावकाश काढलं.

पंधरवड्याने कर्ज मंजूर झाल्याचा बँकेतून फोन आला. फोन ठेवल्यावर मी पडवीतच बसकण मारली आणि लहान मुलासारखा रडलो. बायको हसत होती. पहिला फोन आत्याला केला. तिला काय द्यायचं, हे मी मनाशी ठरवून ठेवलं होतं; म्हणालो, "आते, तुझो हिस्सो..."

"हिस्सो ऱ्हवांदे. खोलयो बांध, बऱ्यो बांध," ती म्हणाली. "पण मी इलंय काय, माका पावण्यांच्या खोलयेत निजवू नको. माका माजघरातच जागा दी."