विहिरीतलं कासव

सांगोल्याकडच्या आमच्या तलावातलं एकेक कासव मावशी ओळखते. मावशी माझी नात्याची नाही. तलावाकाठी राहणारी म्हातारी कोळीण आहे. तिला लिहिता येत नाही आणि मी चौथी शिकलेली, म्हणून कासवांची वही माझ्याकडे असते. कुणाच्या पाठीवर चीर आहे, कोण कुठं दिसलं, ती सांगते, मी लिहिते. मागची पानं कोरी होती, त्यावर हे लिहितेय. दाखवायचं कुणाला नाही.

उन्हाळ्यात तलाव आटला की कासवं चिखलात खोल शिरून पावसापर्यंत पडून राहतात. नेमका तेव्हाच गाळ काढायला जेसीबी येतो. मावशी त्याच्या आधी लोखंडी सळई घेऊन फिरते. सळई हळूच दाबायची. दगड असला तर हाताला झिणझिण्या येतात, कासव असलं तर येत नाहीत. तरुणपणी असंच शोधून ती कासवं खायला धरायची. आता त्याच सळईनं वाचवते आणि काठाजवळच्या ओल्या खड्ड्यात ठेवते.

एका उन्हाळ्यात ती तापानं पडली, तेव्हा सळई घेऊन मी गेले. ताटाएवढं एक कासव सापडलं. मागच्या डाव्या पायाचं एक नख तुटलेलं. मी त्याला पाटीत घालून घरी आणलं आणि आमच्या विहिरीत सोडलं. पाणी चांगलं राहतं म्हणून आमच्याकडे सगळेच सोडतात. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. मला फार बरं वाटलं. वहीत लिहिलं, ‘विहिरीत सोडलं.’

पाऊस झाल्यावर मावशी आली. मी वही वाचून दाखवली. ती विहिरीवर गेली आणि वाकून बघत राहिली. कासव सिमेंटच्या भिंतीला नखं घासत गोल फिरत होतं.

“मादी हाय ती,” मावशी म्हणाली. “अंडी घालाय माती लागंल तिला. हितं काठ कुटं हाय?”

विहिरीतलं कासव म्हणजे देव, ते काढत नाहीत, असं सासूबाई म्हणाल्या.

“देव असू दे की. पण बाळंतपणाला तरी म्हायेरी धाडाल का न्हाय?”

सासूबाईंना हसू आलं, पण ऐकलं नाही त्यांनी. मी त्यांच्यापुढं कधी बोललेली नाही. त्या दिवशी आमचे मालक जेवत असताना मी म्हणाले, “मी सोडलंय, मीच काढणार.” मालक खाली बघून जेवत राहिले. हात धुताना त्यांनी विचारलं, पाटी केवढी लागेल?

पाटीत कोंबडीची आतडी बांधून दोरानं खाली सोडली. तीन दिवस मादी फिरकली नाही. चौथ्या सकाळी पाटीत बसलेली होती. तिला मी तलावाच्या काठावर ठेवलं.

दसऱ्यानंतर मावशीनं मला काठावरची उकरून सारखी केलेली माती दाखवली. कुत्र्या-मुंगसांसाठी तिनं भोवती बाभळीचे काटे लावले. थंडी गेली, उन्हाळा गेला. तिची तिथली रोजची फेरी चुकली नाही. पुढच्या पावसात माती फुटली आणि लिंबाएवढी पिल्लं पाण्याकडे निघाली. सात.

मावशीसोबत घरी येऊन मी सात लिहिलं आणि मागचं ‘विहिरीत सोडलं’ खोडायला गेले. मावशीनं माझा हात धरला.

“खोडू नको,” ती म्हणाली. “आणि माझं बी लिव. आदी मी खात होते, ते.”

मी माझं तसंच राहू दिलं, खाली तिचं लिहिलं.